एका फावड्याची मुही

बत्तीस वर्षं मी लोकांच्या दारात न बोलावता गेलो. एवढ्या काळात 'या, बसा' म्हणणारी घरं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातल्या दोन घरांनी मला पोस्टमन समजलं होतं. मी कोर्टाचा बेलिफ होतो. भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी नोकरीत चांगला मुरलेलो होतो. नंतर तालुक्यातालुक्यांत बदल्या झाल्या, पण काम तेच. समन्स पोचवायचं, कब्जा घेऊन द्यायचा, हुकूमनाम्यात जे लिहिलंय ते जमिनीवर करून दाखवायचं.

लोकांना वाटतं, निकाल लागला की झालं. तसं असतं तर सरकारनं बेलिफ ठेवलेच नसते. निकाल म्हणजे कागद, आणि कागद काही आपल्या पायानं चालत नाही. जिंकलेल्या माणसाला निकालानंतर पुन्हा अर्ज करावा लागतो. आमच्याकडे त्याला दरखास्त म्हणतात. मग कोर्ट वॉरंट काढतं, त्यावर परतीची तारीख टाकतं आणि ते बेलिफाच्या हातात येतं. त्या तारखेच्या आत काम करायचं, दोन पंचांसमोर पंचनामा लिहायचा आणि वॉरंट नाझरांकडे परत करायचं. नाझर म्हणजे आमचे वरिष्ठ. काम झालं तर 'तामील झाली' लिहायचं, नाही झालं तर का नाही झालं ते. ही शेवटची रकाना-भरती आम्ही बेलिफ फार सुंदर अक्षरात करत असू, कारण ती वारंवार करावी लागे.

समन्स चुकवणाऱ्यांच्या तर नाना तऱ्हा. एका गृहस्थानं स्वतः दार उघडून मला सांगितलं, "मी घरी नाही." मी म्हटलं, "मग आल्यावर त्यांना सांगा, बेलिफ आला होता." तो म्हणाला, "सांगतो." आणि सही नाही केली ती नाहीच. पण ओशाळून चहा मात्र पाजला.

माझं लहानपण गोंदियाच्या बाजारात गेलं. वडील शिंपी. घरात मराठी, गल्लीत हिंदी. शेती म्हणजे तांदळाच्या पोत्याच्या अलीकडचं काहीतरी, एवढंच मला माहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात या अडाणीपणाचा वाटा मोठा आहे.

बाजारातलंच एक दुकान रिकामं करून द्यायचं होतं. मी सकाळी पोचलो तर भाडेकरूनं दुकानात रातोरात हनुमानाची मूर्ती बसवलेली. समोर दिवा, अगरबत्ती, आणि रस्त्यावर शंभर माणसं. भाडेकरू हात जोडून म्हणाला, "बेलिफ साहब, मुझे निकाल दो, मैं तो चला जाऊँगा. मगर बजरंगबली को कौन निकालेगा?" गर्दी माझ्याकडे बघतेय. काहीतरी करायला हवं म्हणून मी हुकूमनामा काढला आणि मोठ्यानं वाचायला लागलो, पहिल्या ओळीपासून. चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, साक्षीदार क्रमांक दोनचा उलटतपास. तिसऱ्या पानावर गर्दी जांभया द्यायला लागली. पाचव्या पानावर वीस माणसं उरली. सातव्या पानावर भाडेकरूच म्हणाला, "बस करो साहब," आणि मूर्ती मांडीवर घेऊन रिक्षात बसून घरी गेला. तेव्हापासून मी नेमच केला, कुठलंही काम असो, जागेवर उभं राहून हुकूमनामा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचायचा. सोबतचे बेलिफ मला हसत. या नेमानं पुढं एकदा माझी लाज राखली. ती गोष्ट सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

सौंदडच्या पुढं एक गाव आहे, तिथल्या कौसाबाईंची दरखास्त होती. पन्नाशीची बाई, नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलं कामाला परगावी, घरात सुना; शेतीचं सगळं तीच बघायची. तिची धानाची बांधी खालच्या अंगाला, आणि वरच्या अंगाला नवऱ्याच्या चुलत भावाची, हरिभाऊंची. धानाच्या शेताचे असे चौकोन बांध घालून केलेले असतात, त्या एकेका चौकोनाला बांधी म्हणायचं. मधल्या बांधाला धुरा. तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत यावं म्हणून धुऱ्याला एक तोंड ठेवतात, त्याला मुही म्हणतात. पाण्याला दुसरी वाट नसते. वरच्यानं मुही बुजवली की खालच्याचं धान उभ्या उभ्या वाळतं. हरिभाऊंनी एका कोरड्या वर्षी दगडमाती घालून मुही बुजवली आणि मग उघडलीच नाही. कौसाबाई कोर्टात गेली. सहा वर्षांनी जिंकली. मुही पूर्ववत उघडून द्यावी असा हुकूम झाला.

त्यानंतर दोनदा वॉरंट निघालं आणि दोन्ही वेळा तसंच परत गेलं. एकदा गावात कोणी पंच म्हणून सही करायला तयार होईना, एकदा नाल्याला पूर होता. तिसरं वॉरंट माझ्याकडे आलं तेव्हा आषाढ चालू होता आणि पावसानं दडी मारली होती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून बांधीत लावायची वेळ झालेली, आणि बांधीत चिखल करायला पाणी नाही. बाजाराच्या दिवशी कौसाबाई कोर्टात आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"कवा येता जी? पऱ्हे पिवळे पडून रायले."

"येतो, याच आठवड्यात येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. सासुरवाडीला बारसं होतं. मग स्कूटरचा क्लच गेला. मग ऊन फार होतं. खरं कारण वेगळंच, साधा आळस. परतीच्या तारखेला अवकाश आहे, एवढाच माझा विचार. ती पुढच्या बाजारालाही आली, मी पुन्हा तेच बोललो. शेवटी तिनं नाल्यावर भाड्याचं इंजिन लावलं आणि कसाबसा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, उरकला. हे मला नंतर कळलं.

श्रावण लागता लागता झड लागली. दिवस दिवस पाऊस थांबेना. इकडे नाझरांनी मला बोलावून सांगितलं, "तुझी दुसऱ्या कामांतली तीन वॉरंटं तशीच परत आलीत. शुक्रवारी हे कौसाबाईचं चौथं तसंच आलं, तर साहेबांपुढं उभा राहून तूच उत्तर दे." मी घाबरलो. आणि मनात म्हटलं, बरंच झालं, इतका पाऊस पडतोय, आता पाण्यावरून कोण कशाला भांडेल? हा माझा शहरी शहाणपणा. सोमवारी सकाळी उघडीप बघून निघालो.

गावचा कोतवाल देवाजी माझ्यासोबत होता. शेतावर पोचलो तर हरिभाऊ आधीच हजर. सोबत दोन धिप्पाड मुलगे, तिघांच्याही खांद्यावर फावडी. मी मनातून चरकलो, आता मारामारी. पण हरिभाऊ हसत पुढं आले.

"या साहेब. उघडा मुही. आमीच उघडून देतो, तुमाले कायले तरास!"

इतका गुणी प्रतिवादी मी आयुष्यात पाहिला नव्हता. तेवढ्यात कौसाबाई धावत आली आणि बुजवलेल्या मुहीवर फतकल मारून बसली.

"नोका उघडू जी! पाया पडते, नोका उघडू!"

मला काही कळेना. सहा वर्षं जिनं मुही उघडा म्हणून कोर्टाचे उंबरे झिजवले, तीच आडवी बसलेली, आणि ज्यांनी सहा वर्षं उघडू दिली नाही ते फावडं घेऊन उभे.

देवाजीनं मला बाजूला घेतलं. "साहेब, ते वरची बांधी पाहा. काठोकाठ भरून हाय. खाली बाईचा रोवणा चार दिवसाचा. रोपाची मुळी अजून बसली नाही. ह्या तिघायनं धुरा फोडला तं सारा रोवणा नाल्यात जाते. दुसरे पऱ्हे कुठून आणते ते? साल गेलं तिचं."

मी वळून बांधीकडे पाहिलं. पाण्यातून जेमतेम वर आलेली ती हिरवी टोकं.

"बाई," मी म्हणालो, "पाणी तुम्हीच मागितलं होतं ना?"

"मांगतलं होतं जी," ती म्हणाली. "आषाढात मांगतलं होतं."

मी खाली मान घातली.

हरिभाऊंना सगळं कळत होतं. ते माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "साहेब, तिले सांगा, सहा वर्षं पाणी मांगत होती ना? घे मना. पुरं घे मना."

कौसाबाईही माझ्याकडेच बघून म्हणाली, "साहेब, त्यायले सांगा, वरून देव पाहून रायला."

दोघांत तीन हातांचं अंतर, तरी प्रत्येक वाक्य माझ्यातून जायचं. मी देवाजीला हळूच विचारलं, हे काय? तो म्हणाला, "भासरे होते ना तिचे." भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, चुलत असला तरी. आमच्या भागात सून भासऱ्याशी बोलत नाही, त्याच्यासमोर पदर कपाळाखाली ओढते. आणि भासरा तिच्या जवळपास फिरकत नाही, चुकून स्पर्श झाला तर दोघांनाही आंघोळ. सून आणि चुलतसासऱ्यालाही हेच लागू. सहा वर्षं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिले, पण हा रिवाज दोघांनीही मोडला नव्हता. साक्ष देतानाही बाईनं त्यांचं नाव घेतलं नव्हतं, 'ते' म्हणाली होती.

आता माझी पंचाईत बघा. बाईनं 'मुही नको' असं लिहून दिलं, तर मी सुखानं परत जातो. पण मग पुढच्या तारखेला हरिभाऊंचे वकील म्हणणार, वादीनंच तामिलीला अडथळा केला, दरखास्त काढून टाका. सहा वर्षं पाण्यात. आणि लिहून दिलं नाही तर मला मुही उघडावीच लागणार. हे बाईला माझ्याइतकंच समजत होतं.

"लिवून देलं तं दरखास्त जाते," ती म्हणाली, "नाही देलं तं धान जाते. तुमीच सांगा जी, काय करू?"

मला काहीच सुचत नव्हतं. आणि काही सुचेनासं झालं की मी जे करायचो तेच केलं. छत्री देवाजीच्या हातात दिली, हुकूमनामा काढला आणि वाचायला लागलो. हरिभाऊंचे मुलगे वैतागले. "अरे, हे कवा संपते?" मी ऐकलं नाही. पान एक, पान दोन, पान तीन. चौथ्या पानावर प्रतिवादीची उलटतपासणी आली, आणि एक ओळ वाचता वाचता माझा आवाजच थांबला. ती मी पुन्हा वाचली, हळू.

"सदर मुही ही पूर्वीपासून एका फावड्याच्या पात्याइतकी रुंद होती, असे प्रतिवादीने कबूल केले आहे. सबब तीच मुही पूर्ववत उघडून द्यावी."

झालं असं होतं, की कोर्टात हरिभाऊंना दाखवायचं होतं, या मुहीतून असं जात तरी किती होतं, थेंबभर पाणी. म्हणून त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, एक फावड्याची मुही, त्याहून जास्त नाही. त्या वेळी ते त्यांच्या फायद्याचं होतं.

"हरिभाऊ," मी विचारलं, "एक फावडं, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"ते तं वकिलानं सांगतलं मनून मनलो!"

"तुम्ही म्हणालात आणि न्यायाधीशांनी लिहिलं. मला एक फावडंच उघडता येतं. त्याहून बोटभर जास्त उघडलं तर मीच हुकमाबाहेर गेलो."

कौसाबाई उठली. आधी तिनं आपल्या बांधीच्या खालच्या टोकाची मुही नाल्याकडे फोडली, म्हणजे आलेलं पाणी तुंबणार नाही. पाणी सोडायचं ते नेहमी खालून वर, हे मला त्या दिवशी कळलं. मग पळसाच्या फांद्या तोडून आणल्या आणि वरच्या मुहीच्या तोंडाशी आडव्या रचल्या, धार रोपांवर थेट पडू नये म्हणून. मी पंच बोलावले. आता फावडं कोणाचं, यावर वाद. हरिभाऊंचं नवं, चांगलं रुंद पात्याचं. कौसाबाईचं वर्षानुवर्षं घासून झिजलेलं, जवळजवळ खुरप्याच्या मापाचं झालेलं.

"हुकूम वादीच्या बाजूनं आहे," मी म्हणालो, "फावडंही वादीचं." कायद्यात असं कुठंही लिहिलेलं नाही. पण पंचांनी माना डोलावल्या आणि मी ते पंचनाम्यात घालून टाकलं.

मुही उघडली. पाणी आलं. फांद्यांवर आपटून, पसरून, रोपांमधून शिरून खालच्या टोकानं नाल्यात जायला लागलं. पहिल्या ओळीतली काही रोपं वाकली. उपटलं एकही नाही. मी अर्धा तास उभा राहून पाहिलं.

पण आभाळ पुन्हा भरून आलं होतं. हरिभाऊ फावड्यावर हात टेकून उभे होते आणि त्या आभाळाकडे बघत होते. बेलिफाला सगळ्यात जास्त भीती याच क्षणाची असते. हुकूम असतो तोवर मी असतो, मी निघालो की हुकूम माझ्या पिशवीत. मी दिलेले कब्जे संध्याकाळच्या आत परत गेलेले मी पाहिले आहेत. मी कौसाबाईला हळूच विचारलं, "बाई, मी गेल्यावर यांनी रुंद केली तर?"

तिनं मुहीच्या बाजूला, धुऱ्यावर, एक प्लास्टिकची पन्नी अंथरली. "मी आहो ना अठी," ती म्हणाली.

मला हसू की रडू कळेना. तीन धटिंगण, आणि ही एक बाई पन्नीवर बसून काय करणार? मी निघालो.

त्याच दुपारपासून पाऊस कोसळला. नाल्यांवरून पाणी गेलं, गावाचा रस्ता बंद. मंगळवार, बुधवार, गुरुवार काहीच कळायला मार्ग नाही. पंचनामा माझ्या टेबलाच्या खणात तयार होता, पण मी तो नाझरांकडे दिला नाही. रोज खण उघडायचो, कागद बघायचो, खण लावायचो. रोवणा वाहून गेला असेल तर 'तामील झाली' हे शब्द मला कोणत्या तोंडानं लिहिता येणार होते? तसं झालं असेल तर त्याखाली मला असंही लिहायचं होतं, की वॉरंट वेळेत हातात असूनही बेलिफ बारा दिवस गेला नाही. त्यासाठी रकाना नव्हता, पण जागा होती. जेवण गोड लागेना. बायको म्हणाली, "कोणाचं धान आहे, आणि उपास तुम्ही करताय."

शुक्रवारी सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात कौसाबाई उभी दिसली. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेली, डोळे तांबारलेले. ती आत आली आणि पिशवीतून काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. धानाचं एक रोप होतं, मुळासकट उपटलेलं.

संपलं, मला वाटलं.

"पाहा ना जी," ती म्हणाली, "मुळी पाहा."

मी वाकून पाहिलं. जुन्या काळपट मुळांच्या बाजूनं पांढरी शुभ्र नवी मुळं फुटली होती, बोटभर लांब.

"लागलं जी," ती म्हणाली. "सारं लागलं. कोपऱ्यातलं थोडं गेलं, बाकी लागलं."

मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही. मग विचारलं, "हरिभाऊ?"

"दोनदा आले होते. फावडं घेऊन. मी कपाळाखाली पदर ओढला आन् मुहीवर सरकून बसली. भासरे कसे जवळ येते? उभे रायले, पाहत रायले, गेले परत."

"आणि त्यांचे मुलगे?"

"पोरगेही आले. ते तं मले काकी मनते, अंगाले हात कसा लावते? त्यायले मी मनली, 'बापाले पाठवा.'" ती पहिल्यांदा हसली.

जो रिवाज त्या बाईला सहा वर्षं तोंड उघडू देत नव्हता, त्यालाच तिनं राखणीला बसवलं होतं. कोर्टाचा शिक्का मुहीपर्यंत पोचवायला तीन वॉरंटं लागली, आणि तो तिथं टिकवला एका पदरानं. याचा मला थोडा अपमान वाटला, हे कबूल करतो. पण सुटकेचा श्वास इतका मोठा होता की अपमान त्यात कुठंच्या कुठं गेला.

एकदम माझ्या लक्षात आलं. "अहो, पण तुम्ही इकडे आलात, तर तिकडे आता कोण?"

"धाकटी सून बसवून आली ना," ती म्हणाली. "तिचे तं ते सासरे लागते."

मी खण उघडला, पंचनामा काढला आणि वॉरंटामागच्या रकान्यात लिहिलं, 'मुही एक फावडे रुंद उघडून दिली. तामील झाली.' बारा दिवसांचं मात्र लिहिलं नाही. तेवढी हिंमत झाली नाही, ती खंत अजून आहे. पण त्यानंतर निवृत्तीपर्यंत शेतीचं वॉरंट हातात आलं की मी आधी विचारायचो, रोवणा कधी आहे, आणि दुसऱ्या दिवशी निघायचो.

कागद नाझरांपुढं ठेवला. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. सहीच्या बाजूला रोपाचा ओला चिखल लागला होता.

"हे काय रे? कोर्टाचा कागद आहे हा."

"तामिलीचा पुरावा आहे, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या कौसाबाईच्या पायांकडे पाहिलं, आणि चिखलाला चुकवून शिक्का मारला.